भाच्याची यादी उलटी केली तेव्हा

भाच्याने धनुर्बाणाच्या शिकारीच्या सामानाची यादी पाठवली. सतरा वस्तू, प्रत्येकीपुढे आकडा, आणि खाली एक ओळ: "मामा, एवढ्यात बसवायचंय. कुठे कापू?" सगळ्यात वर यंदाचं नवंकोरं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य होतं, निम्म्याहून जास्त पैसे त्या एकट्यानेच खाल्लेले. सगळ्यात खाली, "उरले तर" असं लिहून, मचाणावर बसताना अंगाला बांधायचा पट्ट्यांचा हार्नेस. मी तीच यादी खालून वर लिहून काढली आणि त्याला परत पाठवली. त्याला वाटलं मामा चेष्टा करतोय.

माझा जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये गेला. तिथे हत्यार घेताना एक प्रश्न विचारायची सवय लागते: हे ऐन वेळी दगा देईल तेव्हा नुकसान कुणाचं? जॉब, म्हणजे यंत्रावरचा तुकडा, खराब होणार असेल तर वेगळा विचार, बोट जाणार असेल तर वेगळा, आणि नुसता रंग उडणार असेल तर स्वस्तातलं घ्या, काही बिघडत नाही. धनुर्बाणाच्या शिकारीला मी हाच प्रश्न लावतो. ज्या वस्तूच्या चुकीचं मोल जनावर मोजतं किंवा आपली मान मोजते, तिथे हात आखडायचा नाही. बाकी ठिकाणी खुशाल आखडा.

हे शहाणपण मला आधीपासून नव्हतं. दुसऱ्या हंगामात माझ्याकडे नवं धनुष्य होतं, पानाफांद्यांच्या नक्षीचे महागडे कपडे होते, अंतर मोजायचं यंत्र मात्र नव्हतं. कारखान्यात डोळ्याने मिलिमीटर ओळखणारा माणूस मी, यार्ड ओळखायला यंत्र कशाला? संध्याकाळी हरणाची एक मादी आडवी उभी राहिली. मी तीस यार्ड धरले आणि बाण सोडला. नंतर पावलांनी मोजलं तर अंतर चाळीसच्या आसपास भरलं. बाण छातीच्या खालून, पुढच्या पायाला कापत गेला होता. रात्री उशिरापर्यंत बॅटरी घेऊन थेंब शोधत फिरलो. ओढ्याशी थेंब संपले. ती सापडली नाही, सकाळीही नाही.

आता त्यातलं गणित बघा. बाण सेकंदाला २६० फूट वेगाने निघाला, तर चाळीस यार्ड जायला त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात तो गुरुत्वाने खाली येतच असतो. तीस यार्डांचा नेम धरला आणि जनावर पस्तीसवर असलं, तर बाण साडेचार इंच खाली लागतो. चाळीसवर असलं तर दहा इंच. हवेचा अडथळा यात धरलेला नाही, तो धरला तर आणखी खाली. हरणाच्या फुप्फुस-हृदयाची जागा आडवी-उभी साधारण आठ ते दहा इंच. मधोमध नेम असेल तर चार-पाच इंचांची चूक म्हणजे कड, आणि दहा इंच म्हणजे माझी ती रात्र. वेगवान धनुष्याने ही चूक थोडी कमी होते, नाहीशी होत नाही. अंतर मोजणारं साधं यंत्र ती नाहीशी करतं.

म्हणून माझ्या यादीत रेंजफाइंडर धनुष्याच्या वर आहे. पण महागातला नको. हजार-दीड हजार यार्डांवरचं मोजणारे मिळतात, ते बंदूकवाल्यांना. आपल्याला साठच्या आतलं, संधिप्रकाशात, झटकन आणि एका यार्डाच्या आत बरोबर सांगणारं हवं. चढ-उताराचा कोन धरून अंतर सांगणाऱ्या यंत्राला जास्त पैसे मागतात. वीस फूट उंच मचाणावरून वीस यार्डांवरच्या जनावराचं तिरपं अंतर एकवीस भरतं, म्हणजे फरक एका यार्डाचा. त्यासाठी पैसे घालू नका. डोंगरउतारावर शिकार करणार असाल तर गोष्ट निराळी: तीस अंशांच्या उतारावर तिरपे चाळीस यार्ड मोजले, तर नेम साडेचौतीसचा धरावा लागतो. तिथे ती सोय पैसे वसूल करते.

आता धनुष्य. भाचा इथे रुसला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हॉलिस विल्बर ॲलन या माणसाने १९६६ मध्ये चाकांच्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं. त्यानंतर कॅम, म्हणजे ती चाकं, बदलले, लिम्बचं, म्हणजे वाकणाऱ्या भुजांचं, साहित्य बदललं, धनुष्य आखूड आणि शांत झालं. पण ती मोठी सुधारणा काही दर वर्षी होत नाही, आणि नवं मॉडेल मात्र दर वर्षी येतं. चार-पाच वर्षांपूर्वीचं चांगलं धनुष्य आणि यंदाचं यांतला फरक माझ्या हाताला कळतो, हरणाला कळणार नाही. आणि एकदा वापरलं की त्याची किंमत भराभर उतरते. ती उतरलेली किंमत दुसऱ्याने सोसू दे. आपण मागाहून घ्यावं.

जाहिरातीतला वेग बघून तर मुळीच घेऊ नका. तो आकडा सहसा सत्तर पौंड ओढ (दोरी ओढायला लागणारा जोर), तीस इंच ड्रॉ-लेंग्थ (दोरी मागे येते ते अंतर) आणि ३५० ग्रेनचा हलका बाण धरून काढतात; ग्रेन हे वजनाचं बारीक माप. भाच्याची ड्रॉ-लेंग्थ अठ्ठावीस इंच, त्याला झेपते ती ओढ साठ पौंड, आणि मी त्याला बाण देणार ४५० ग्रेनचा. ढोबळ हिशेब असा: एक इंच कमी झाला की दहा फूट वेग जातो, दहा पौंड कमी झाले की वीसेक फूट, आणि बाणाचं वजन तीन ग्रेन वाढलं की एक फूट. म्हणजे ३४० लिहिलेलं धनुष्य त्याच्या हातात २६५ च्या आसपास येणार. ज्या आकड्यासाठी तो जास्तीचे पैसे मोजणार होता तो त्याला मिळणारच नव्हता.

वापरलेलं धनुष्य घेताना मी काय बघतो? लिम्बवरून कापसाचा बोळा फिरवतो. कुठे तंतू अडकला तर तिथे चीर किंवा खपली आहे, धनुष्य परत. कॅमच्या खाचेत खरचटलं आहे का, कॅम वाकडा फिरतो का, हे डोळ्यासमोर आडवं धरून बघतो. रिकामं सोडलं होतं का, असं विकणाऱ्याला सरळ विचारतो. बाण न लावता दोरी सोडली की सगळी शक्ती धनुष्यातच जिरते, आणि तडा कधीकधी महिन्याने दिसतो. ड्रॉ-लेंग्थ मापाची हवी. दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांपर्यंतचं अंतर इंचांत मोजा आणि अडीचने भागा, अंदाज येतो. ते माप त्या धनुष्यात बसवायला वेगळं मॉड्यूल, म्हणजे कॅमवरचा सुटा भाग, लागत असेल तर ते आजही मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारा. दोरी आणि केबल बदलायच्याच असं धरून चला, दोन-तीन वर्षांनी त्या बदलाव्याच लागतात. तो खर्च किमतीत मिळवूनच घासाघीस करा.

ओढ किती हे फुशारकीवर ठरवू नका. खुर्चीत बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला, धनुष्य आभाळाकडे न नेता समोर धरून सावकाश ओढा. जमलं तर तेवढी ओढ तुमची. नाही जमलं तर पाच पौंड उतरवा. थंडीत दोन तास न हलता बसल्यावर स्नायू आखडलेले असतात, आणि जनावर पुढ्यात असताना ओढायला केलेली ती कसरत त्याला लगेच दिसते. अनेक ठिकाणी कायद्याने किमान ओढ ठरवून दिलेली असते. जिथे शिकारीची परवानगी आहे तिथले परवान्याचे, हंगामाचे आणि हत्याराचे नियम पैसे खर्च करण्याआधी वाचा, कारण काही ठिकाणी विजेवर चालणारी कुठलीही वस्तू बाणाला वा धनुष्याला लावता येत नाही.

धनुष्यावर वाचले ते बाणांत घाला. इथे टूलरूमवाला जागा होतो, सांभाळून घ्या.

बाणाच्या कांडीचा ताठपणा, म्हणजे स्पाइन, हा काही सुशोभनाचा आकडा नाही. अठ्ठावीस इंचांच्या अंतरावर दोन टेकू देऊन मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचं. कांडी अर्धा इंच वाकली तर ती ५००, चार दशांश इंच वाकली तर ४००. आकडा जितका लहान तितकी कांडी ताठ. तुमची ओढ, बाणाची लांबी आणि टोकाचं वजन यांवरून तो ठरतो, आणि प्रत्येक बाणवाल्याचा तक्ता असतो. चुकीच्या ताठपणाचा बाण सरावाच्या टोकाने बरा जातो. शिकारीचं रुंद पातं लावलं की मात्र ते पातं पुढे शिडासारखं वागतं आणि बाण भलतीकडे जातो. इथे एकाही पैशाची तडजोड नको.

सरळपणाचं मात्र उलट आहे. कांड्या एक थाऊ, तीन थाऊ, सहा थाऊ अशा प्रतींत मिळतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एक थाऊवाल्या कांडीला भरपूर पैसे मोजावे लागतात. मी ग्राइंडरवर थाऊचे भाग केलेला माणूस सांगतो, तीस यार्डांवर तुमच्या हाताचा थरकाप एवढा मोठा असतो की ते दोन थाऊ त्यात कुठे बुडाले कळतही नाही. तीनच्या घ्या. घरी आणून व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या टेकूवर, फिरवा, टोक डगमगतं तेवढ्या बाजूला काढून सरावाला ठेवा, आणि उरलेल्यांतून वजनात जुळणाऱ्या सहा शिकारीसाठी निवडा. वजनकाटा ग्रेन दाखवणारा, साधा छोटा पुरतो. सात हजार ग्रेनचा एक पौंड, म्हणजे चार-पाच ग्रेनचा फरक म्हणजे किती नगण्य, हे कळलं की झोप शांत लागते.

एक फुकटची गोष्ट: कार्बनचा बाण कुठे कठीण जागी आदळला की तो कानाशी धरून दोन्हीकडे वाकवा आणि जरा पिळा. करकर ऐकू आली की मोडून टाका. तडकलेला बाण दोरीवरून सुटताना फुटला तर त्याच्या कुसळी थेट पुढच्या हातात घुसतात.

बाण जड घ्या. २९० च्या वेगाने जाणारा ३५० ग्रेनचा बाण आणि २६० ने जाणारा ४५० ग्रेनचा बाण, यांची ऊर्जा जवळपास सारखीच, पहिल्याची ६५ आणि दुसऱ्याची ६८ फूट-पौंड. पण संवेग जड बाणाचा पंधरा टक्के जास्त. हाडाला लागून पुढे जायचं तर तो कामी येतो. शिवाय जड बाणाने धनुष्य कमी आवाज करतं. हा सगळा लाभ जवळजवळ फुकट आहे, फक्त सपाट मार्गाची हौस सोडावी लागते.

आणि पातं. बाण मारतो तो रक्तस्रावाने. म्हणजे या सगळ्या सामानात जनावराला प्रत्यक्ष शिवते ती एकच वस्तू, आणि भाच्याने तिथे सर्वांत स्वस्त सहाचं पाकीट लिहिलं होतं! मी तीन पक्क्या पात्यांचं, शंभर ग्रेनचं टोक वापरतो. पाती बदलता येतात. आत मिटून राहणारी आणि लागल्यावर उघडणारी यांत्रिक पाती नेमाला सोपी असतात, भोक मोठं पाडतात, पण उघडायला बाणाचीच शक्ती खर्च करतात. पन्नास पौंडांच्या आतली ओढ असेल तर माझं मत पक्क्या पात्यांना. धार तपासायची सोपी रीत: ताणलेल्या रबरबँडवर पातं अलगद ठेवा. दाब न देता तुटला पाहिजे. नव्या पाकिटातलीसुद्धा सगळी या परीक्षेत उतरत नाहीत. ज्याने सराव केला ते पातं शिकारीला नाही. बदला किंवा घासा.

बोटातला रिलीज, म्हणजे दोरी धरून सोडायचा खटका, यादीत अगदीच किरकोळ होता. मी तो वर नेला. दोरी सोडायचा तो क्षण तुमच्या आणि बाणाच्या मधला शेवटचा सांधा, आणि स्वस्तातल्या घोड्याला ढिलाई असते: आधी थोडा सरकतो, मग अडतो, मग सुटतो. अशा घोड्यावर माणूस दचकून बोट मारायला शिकतो, आणि ती खोड सुटता सुटत नाही. माझे दोन हंगाम ती मोडण्यात गेले. मनगटाला पट्ट्याने बसणारा, घोड्याचा ताण कमी-जास्त करता येणारा, नीट मापाचा घ्या. तो तीन धनुष्यं बदलली तरी तुमच्याबरोबर राहतो.

बाकीचं भराभर. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, तीन ठाम पिनांची पुरते, वीस, तीस, चाळीस यार्डांची. खाली लेव्हलचा बुडबुडा असलेली असावी आणि तिचे स्क्रू सैल पडणारे नसावेत. पाच पिना, सरकता डायल, दिवे, काही नको. बाण टेकवायचा रेस्ट: ब्रशसारख्या केसांनी चारी बाजूंनी धरणारा साधा रेस्ट नव्या माणसाला उत्तम. बाण सुटताना खाली पडणारा जास्त चांगला, पण त्याची वेळ जुळवता आली पाहिजे. स्टॅबिलायझर, म्हणजे धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा, आखूड आणि जुना चालेल. भाता धनुष्यावर न खुळखुळता बसला की झालं. सरावाचं लक्ष्य मात्र फोमचं घ्या. चिंध्या भरलेल्या पिशवीत साधी टोकं छान निघतात, पण शिकारीचं पातं एकदा अडकलं की पिशवीचं पोट फाडूनच बाहेर येतं. बाणाची पिसं चिकटवायचा साचा घ्या आणि ते काम घरी करा, पैसे वर्षात वसूल. धनुष्य दाबून दोरी बदलायचा प्रेस मात्र घेऊ नका. ते काम जाणत्याकडे द्या, आणि तो करत असताना शेजारी उभं राहून बघा.

कपड्यांवर मी सर्वांत जास्त पैसे फुकट घालवले. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या दोनच प्रकारच्या शंकूपेशी असतात. लाल-नारिंगी त्याला आपल्यासारखा दिसत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणून जुनी तपकिरी लोकरी बंडी चालते आणि निळी जीन्स चालत नाही. कपडे धुताना 'पांढरे शुभ्र' करणारी साबणपूड टाळा. तिच्यातला उजळपणा आणणारा रंग अतिनील प्रकाशात चमकतो आणि हरणाला तो आपल्यापेक्षा जास्त जाणवतो. नक्षीपेक्षा कापड न करकरणारं हवं. अंगाचा वास घालवायचे फवारे मी आता घेत नाही. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवतो, चिमूटभर उडवून वारा कुठे जातोय ते बघतो, आणि उलटा असला तर त्या दिवशी त्या मचाणावर चढत नाही. हे करताना जीव फार तळमळतो, खर्च काहीच नाही. बुटांना मात्र पैसे द्या. पाय गारठले की माणूस चुळबुळतो.

दाट झाडीत तीस यार्डांवर बसणाऱ्याला महागडी दुर्बीण लागत नाही. कपाळावरची बॅटरी चांगली हवी, तिचा दुसरा सेल खिशात हवा, आणि झाडांना बांधायला भडक फिती. बाण लागल्यावर धावायचं नाही. फुप्फुसात लागला असेल तरी अर्धा तास थांबायचं. यकृतात लागला वाटलं तर चार ते सहा तास. पोटात, म्हणजे बाणाला हिरवट घाण आणि दुर्गंधी असेल, तर आठ ते बारा. शेवटचा थेंब दिसला तिथे फीत बांधायची, मगच पुढचा शोधायचा. त्या रात्री ओढ्याशी माझ्याकडे ना फिती होत्या, ना थांबण्याइतकं डोकं.

आता यादीतलं शेवटचं, म्हणजे माझ्या यादीतलं पहिलं. मचाण वापरलेलं चालेल, पण त्याचे पट्टे नाही. उन्हापावसात राहिलेला पट्टा वरून बरा दिसतो आणि आतून कुजलेला असतो. पट्टे नवे घाला, वेल्डिंगच्या जागा डोळ्याखालून काढा. हार्नेस नवाच, खांदे-मांड्या धरणारा पूर्ण अंगाचा. नुसता कमरेचा पट्टा नको. त्यावर बनवल्याची तारीख असते, आणि बहुतेक बनवणारे पाच वर्षांनी तो टाकून द्यायला सांगतात. द्या टाकून. सोबत लाइफलाइन घ्या: झाडाला वरून खालपर्यंत सोडलेला दोर, त्यावर सरकणारी गाठ. जमिनीवर असतानाच तिला अडकायचं, उतरून जमिनीवर आल्यावरच सोडायचं. लोकांना वाटतं, वर बसल्यावर झोप लागली तर पडू. माझा पाय घसरला तो शेवटच्या पायरीवरून मचाणावर ठेवताना, अंधारात, दव पडलेलं असताना. गाठ आवळली आणि मी हातभरच खाली आलो. तो दोर नसता तर हे लिहायला मी नसतो, किंवा पडून लिहीत असतो.

आणि लटकल्यावर पुढे काय, तेही ठरवून ठेवा. मांड्यांचे पट्टे आवळून पायातलं रक्त वर येत नाही, आणि थोड्या वेळाने शुद्ध हरपू शकते. हार्नेसबरोबर कडीसारखा एक छोटा पट्टा येतो, त्यात पाय घालून उभं राहायचं, भार पायांवर घ्यायचा. हे पहिल्यांदा वीस फुटांवर करून बघू नका. जमिनीलगत, कुणाला तरी शेजारी उभं करून, करून बघा.

गेल्या रविवारी भाच्याने फोटो पाठवला. परसातल्या झाडाला, जमिनीपासून दीड फूट वर लटकलेला, एक पाय कडीत, दुसरा हवेत चाचपडतोय. शेजारी सूनबाई हातात चहाचा कप घेऊन उभी. धनुष्य अजून घेतलेलं नाही.